पाण्यातला आप्पा

आपल्या नावाचा एक प्राणी समुद्रात राहतो, हे शिवकुमारला एका रविवारी सकाळी कळलं. आणि तेही परक्या कुणाच्या तोंडून नाही, पोटच्या पोरीच्या खोलीत. आंब्याच्या फोडींची बशी घेऊन तो दाराशी आला होता. रक्षिता आणि तिची मैत्रीण नसरीन कॉम्प्युटरपुढे एकाच खुर्चीत अर्ध्या-अर्ध्या बसल्या होत्या. पडद्यावर निळं पाणी, पाण्यात भाला घेतलेला एक उघडा माणूस, आणि नसरीन घाईघाईनं सांगत होती, "आगं आप्पाला मार आधी. मारल्याबिगर बंद कसा हुईल त्यो? बंद झाला की चढ त्याच्यावर." रक्षितानं मारलं. पाण्यातलं ते जे काय होतं, पाट्याएवढं, वेटोळ्या शंखाचं, तोंडापाशी मऊ बोटं लोंबणारं, ते एकदम आत गेलं, दारावर झाकण ओढून घेतलं आणि तळाला जाऊन बसलं. उघडा माणूस त्याच्यावर पाय देऊन वरच्या कड्यावर चढला. पोरी खिदळल्या. मग नसरीनला दारातला माणूस दिसला आणि ती इतक्या झटक्यानं उठली की रक्षिता दुसऱ्या बाजूनं पडता पडता वाचली.

"काका, तसं न्हाय ओ," नसरीन म्हणाली. नाव त्या दोघींनीच ठेवलेलं, त्यामुळे कसं नाही, हे तिला सांगता येईना. ओढणी सावरत, चपला हातात घेऊनच ती घरी पळाली. रक्षिता मात्र पळाली नाही. ती पळणाऱ्यातली नव्हती. ते वळण आईचं. "गेम हाय आप्पा," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "बेटावर एकटाच माणूस अडकलेला असतोय. खायाचं-प्यायाचं शोधायचं आन् जगायचं. बाकीची जनावरं अंगावर येत्यात. ह्यो येत न्हाय. चावत न्हाय, पळत न्हाय. शेवाळ खातोय आन् गप पडतोय." "आणि मारला तर?" शिवकुमारनं विचारलं. "बंद होतोय. मग भाला मारा, दगड घाला, फुटत न्हाय." ती जरा थांबली. तिला वाईट वाटलं असावं, कारण पुढचं ती समजूत घातल्यासारखं बोलली. "उपयोगाचा हाय तसा. गोडं पाणी वर कड्यावर हाय. ह्याच्यावर पाय दिल्याबिगर तिथं जायाला येत न्हाय." शिवकुमारनं बशी टेबलावर ठेवली, "आंबा खा," म्हणाला आणि बाहेर व्हरांड्यात येऊन बसला.

राग यायला हवा होता. तो आत कुठे आहे का म्हणून त्यानं चाचपून पाहिलं, पण खिशात नसलेली किल्ली शोधावी तसला तो प्रकार झाला. समोर कसबा बावड्याच्या नव्या प्लॉटांवरची घरं, त्यांच्यामागे उरलासुरला ऊस, आणि पलीकडे कारखान्याचं धुराडं. हंगाम संपल्यामुळे धूर नव्हता, मळीचा वास नव्हता. या कारखान्याच्या काट्यावर त्यानं अर्धी हयात काढली. उसाची गाडी काट्यावर यायची, काटा हलायचा, थरथरायचा, स्थिर व्हायचा. शिवकुमार वजन मोठ्यानं वाचायचा. गाडीवान शिव्या घालायचे, शेतकरी हात जोडायचे, संचालकांचे पाहुणे डोळे वटारायचे. तो काट्याकडे बोट दाखवायचा. मी काय करतोय, काटाच सांगतोय. हे वाक्य त्याला फार आवडायचं. कुणाच्या अध्यात नाही, कुणाच्या मध्यात नाही, अशा माणसाला जगात एवढी एकच नोकरी होती आणि ती त्यालाच मिळाली होती. म्हणजे थोरल्या भावानं, आण्णानं, मिळवून दिली होती.

फुटत न्हाय, असं पोरगी म्हणाली. या एका शब्दाशी तो सारखा परत येऊ लागला, कारण तसंच काहीसं फार पूर्वी कुणीतरी त्याच्याविषयी म्हटलं होतं. बापानं त्याला मिसरूड फुटायच्या आत तालमीत घातलं होतं. थोरला नागाप्पा तिथे आधीच पट काढण्यात तरबेज झालेला. त्याच्या मानानं हा शेळपट. पण शिवकुमारला एक गोष्ट अशी साधली की सगळी तालीम थक्क झाली. सलामी झाली की तो सरळ पोटावर पडायचा, कोपरं अंगाखाली घ्यायचा आणि लाल मातीला चिकटून राहायचा. समोरचा मानेवर रट्टे घालायचा, लांगेत हात घालून उपसायला बघायचा, कानात माती भरायचा. पाठ मातीला लागल्याशिवाय हार नाही, आणि शिवकुमारची पाठ कुणाला लावता यायची नाही. नाकात ताक-तेल घातलेल्या मातीचा तो आंबूस वास, डोळे मिटलेले, बाहेर जत्रेतली माणसं ओरडतायत, "आरं ऊठ की लेका, अंडी उबवतोयस व्हय!" आणि आत, अगदी आत, एक गार शांतता. शेवटी पंच कंटाळून कुस्ती सोडवायचे. वस्ताद हंबीरराव एकदा मिशीवरून हात फिरवत म्हणाले होते, "ह्यो पडणार न्हाय." ते एवढं वाक्य शिवकुमारनं जन्मभर पुरवून खाल्लं. आज व्हरांड्यात बसल्यावर त्याला त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग आठवला. "पन ह्याला घिऊन करायचं काय?" असं वस्ताद पुढे म्हणाले होते आणि सगळे हसले होते. हसणाऱ्यांत तोही होता.

आण्णानं, म्हणजे नागाप्पानं, त्याचं कधी वाईट केलं नाही, हीच तर खरी अडचण होती. बाप गेल्यावर मार्केट यार्डातली गुळाची अडत आण्णानं वाढवली. शिवाचं कॉलेज मध्येच सोडवून त्याला काट्यावर चिकटवलं, कारण जागा तेव्हाच रिकामी होती. दानेश्वरीला पाहून आण्णाच आला, पसंत आण्णानंच केली, आणि ती शिवकुमारच्या नशिबानं चांगली निघाली. हा प्लॉटही आण्णानंच धरायला लावला. प्रत्येक वेळी शिवकुमारच्या मनात काहीतरी वेगळं असायचं. पण ते वेगळं काय होतं हे तो तोंडापर्यंत आणेस्तोवर पेढे वाटून झालेले असायचे. मग आपण हरलो असं त्याला वाटायचं नाही. पाठ कुठे लागली होती? आणि आता आण्णानं रक्षितासाठी संकेश्वरचं स्थळ आणलं होतं. मुलाचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, घरदार चांगलं, जातीतले, नात्यातून नातं. आषाढ लागायच्या आत सुपारी फोडून घेऊ, असं आण्णानं फोनवर सांगितलं होतं. पुढच्याच रविवारी.

रक्षिताचा डिप्लोमा नुकताच झाला होता आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला तिचा नंबर लागणार हे तिच्या मास्तरांनी छातीठोक सांगितलं होतं. "पुण्यात 'मी येतो, मी जातो' म्हणालीस तर हसतील की तुला," असं शिवकुमार तिला चेष्टेनं म्हणाला होता. कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, पुरुषागत. पुण्याला ते कसं कळायचं. "हसू देत की. मी पण त्यास्नी हसतो," ती म्हणाली होती. मग संकेश्वरचं निघालं आणि हसणं बंद झालं. शनिवारी भांडी विसळता विसळता ती त्याच्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, मी न्हाय म्हटलं तर उद्धट ठरतो. आई म्हटली तर दोड्डाप्पा म्हणत्यात, बायकांनी मधी बोलू न्हाय. तुम्ही नुसतं एकदा न्हाय म्हणा. बास. कारण पण सांगू नका. तुम्ही म्हटलं की कुणाचं चालत न्हाय." दोड्डाप्पा म्हणजे थोरला काका, नागाप्पा. शिवकुमारनं मान हलवली होती. होकाराची की नकाराची, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आणि दुसऱ्याच दिवशी त्याला तो प्राणी दिसला.

असंच एकदा तिनं आधीही मागितलं होतं. रंकाळ्यावर, ती बालवाडीत असताना. आण्णानं हौसेनं तिला घोड्यावर बसवलं. घोडा दोन पावलं चालला आणि तिनं भोकाड पसरलं, "आप्पा, खाली! आप्पा, खाली घ्या!" घोडेवाला थांबला. आण्णा हसत म्हणाला, "चल रं तू, हाण. भ्या मोडतंय पोरीचं." घोडेवाल्यानं शिवकुमारकडे पाहिलं. त्याला बहुधा बापानं काहीतरी म्हणायला हवं होतं. शिवकुमारच्या हातात पोरीच्या लाल चपला होत्या, त्यांची वाळू तो झटकत राहिला. घोडा निघाला. अख्खी फेरी ती मागे मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली, आणि फेरीच्या शेवटी तिचं रडं थांबलेलं होतं. आण्णा म्हणाला, "बघ, मोडलं का न्हाय?" भीती मोडली होती खरी. पण तिच्याबरोबर आणखी काहीतरी मोडलं होतं, आणि ते फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं. त्यानंतर ती त्याच्याकडे कधी काही मागायला आली नाही. कालपर्यंत.

आठवडाभर त्यानं सराव केला. हसू येईल कुणाला, पण केला. हंगाम नसल्यानं काट्यावर चिटपाखरू नव्हतं. केबिनची खिडकी उघडून तो रिकाम्या काट्याकडे बघून म्हणाला, "न्हाय." आवाज घशातून आला, पण त्याचा वाटेना. पुन्हा म्हणाला, "न्हाय, आण्णा." 'आण्णा' म्हटल्याबरोबर 'न्हाय' विरून गेलं. पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि परत येऊन बसली.

बुधवारी रक्षिता दाखला आणायला गेली असताना त्यानं कॉम्प्युटर सुरू केला. तिनं शिकवलेलं थोडंफार येत होतं. उघडा माणूस बेटावर उभा राहिला. शिवकुमारनं त्याला पाण्यात नेलं आणि त्या प्राण्याजवळ थांबवलं. मारणं भाग होतं, म्हणून हलकेच एकदा मारलं. शंख बंद झाला. पण तो चढला नाही. पोरींनी जे कधी बघितलंच नसणार, कारण त्या तोवर कड्यावर पोचलेल्या असायच्या, ते तो बघत बसला. कितीतरी वेळ काही झालं नाही. मग झाकण केसभर हललं. एक बोट बाहेर आलं, पाणी चाचपून आत गेलं, परत आलं. मग दुसरं. आजूबाजूला कुणी नाही अशी खात्री पटल्यावर तो सगळा बाहेर आला आणि होता तिथेच पुन्हा शेवाळ खाऊ लागला, काही घडलंच नव्हतं असा. शिवकुमारच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. फार बरं वाटलं त्याला, आणि बरं का वाटावं याची लाजही वाटली. तेवढ्यात मागून दानेश्वरी म्हणाली, "आवं, तुमचा माणूस मेला की." खरंच, कड्याच्या पायथ्याशी उघडा माणूस तहानेनं आडवा झाला होता. ती चहाचा कप ठेवून तिथेच उभी राहिली. "रविवारी मी बोललो असतो," ती म्हणाली. "पन आण्णा म्हणत्यात, बाप गप हाय तर तू कोण? तुमच्या गप बसण्यानं माझं पन तोंड बंद होतंय, हे कळतंय का तुमाला?" त्याला कळत होतं. कळण्यात तो कधीच मागे नव्हता.

आणि त्याच दुपारी, कप विसळून ठेवताना, त्याला युक्ती सुचली. त्यांच्यात सुपारी नुसत्या बोलाचालीनं फुटत नाही. मुलीच्या बापानं ती उघड्या तळहातावर पुढे धरायची, मुलाच्या बापानं उचलायची आणि पाट्यावर ठेवून बत्त्यानं फोडायची. फुटली की लग्न ठरलं. मग मोडायचं म्हणजे दोन्ही घरांना तोंड दाखवायला जागा नाही. म्हणजे तोंडानं 'न्हाय' म्हणायची गरजच नव्हती! हात उघडायचा नाही, एवढंच. सुपारी मुठीत घ्यायची आणि मूठ मिटायची. उपसू देत, रट्टे घालू देत. पाठ लागल्याशिवाय हार नाही, मूठ उघडल्याशिवाय सुपारी नाही. तो इतका हरखला की अंगणात जाऊन विनाकारण तुळशीला पाणी घालून आला. रक्षिता परतल्यावर तो तिला म्हणाला, "तू काळजी करू नको." तिनं निरखून पाहिलं. "म्हणणार न्हवं तुम्ही?" "बघ तू," तो म्हणाला. त्या पोरीच्या तोंडावर जो उजेड पडला तो त्यानं रंकाळ्याच्या आधी शेवटचा पाहिला होता. त्या संध्याकाळी तिनं माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली.

रविवारी पाहुणे आले. वाईट असते तर किती सोपं झालं असतं! मुलाचे वडील बसाप्पा थकलेल्या डोळ्यांचे, हळू बोलणारे गृहस्थ होते; मुलगा खाली मान घालून पोहे खात होता आणि बशी आपणच मोरीत नेऊन ठेवत होता. नागाप्पाचा आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. रक्षिता चहा घेऊन आली, बसली, उठली. जाताना तिनं बापाकडे एकदाच पाहिलं आणि आतल्या दाराच्या चौकटीशी उभी राहिली. मग बसाप्पांनी कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "पोरीला म्होरं शिकायचं हाय म्हणून कानावर आलंय. आमी काय जबरदस्ती करणारं माणूस न्हवं. तिच्या बापाचं काय म्हणणं हाय?"

खोलीतली सगळी तोंडं शिवकुमारकडे वळली. असा प्रश्न त्याला उभ्या आयुष्यात कुणी विचारला नव्हता. शब्द समोर ताटात वाढून ठेवला होता, नुसता उचलायचा. दारातून रक्षिताच्या बांगड्यांचा आवाज थांबला. पण आता बोलायची काय गरज, असं त्याच्या मनात आलं. मूठ आहेच की, थोड्या वेळानं मूठच सांगेल. त्यानं पाण्याचा तांब्या उचलला. तो खाली ठेवेपर्यंत नागाप्पा बोलून मोकळा झाला होता. "त्याचं काय म्हणणं असणार पावणं? गरीब गाय हाय ती. लग्नानंतर शिकंल की पोरगी, तुमी काय न्हाय म्हणणार हाय व्हय?" सगळे हसले, बसाप्पाही हसले, आणि पाट्याभोवती हळदकुंकू पडलं.

नागाप्पानं ताटातली सुपारी उचलून शिवकुमारच्या तळहातावर ठेवली. शिवकुमारनं मूठ मिटली. बसाप्पांनी हात पुढे केला. मूठ मिटलेलीच राहिली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कुजबूज थांबली. "कोडो शिवा," नागाप्पा कानडीत पुटपुटला, दे की. शिवकुमारनं डोळे मिटले. बोटं अंगठ्यावर घट्ट बसली होती, सुपारी तळव्यात रुतत होती, आणि आत, अगदी आत, ती जुनी गार शांतता आली. लाल मातीचा वास आला. करा काय करायचं ते. नागाप्पानं मनगट धरलं, दाबलं, एक बोट उपसून पाहिलं. उपसेना. शिवकुमारला वाटलं, आता उठतील. आता पाहुणे चपला शोधतील. आता आण्णा ओरडेल, ओरडू दे. रक्षिता बघत असणार. बघ म्हटलं होतं ना तुला.

मग त्याच्या मुठीभोवती दोन ऊबदार तळहात आले. त्यानं डोळे उघडले. बसाप्पांचे डोळे भरून आले होते. "ऱ्हाऊ दे नागाप्पा, ओढू नगा," ते म्हणाले. "लेकीचा बाप हाय त्यो. सुटत न्हाय हातातनं. माझ्या रत्नव्वाच्या टायमाला मीबी अशीच धरून बसलोतो." त्यांनी ती मिटलेली मूठ उचलून स्वतःच्या कपाळाला लावली. बायकांत कुणीतरी पदर डोळ्याला लावला. मुलगाही पहिल्यांदा मान वर करून आदरानं बघू लागला. "असल्या बापाची लेक आमच्या घरात येतीया, आमाला आनी काय पायजे? ती सुपारी ऱ्हाऊ दे त्यांच्याजवळ," असं म्हणून बसाप्पांनी ताटातली दुसरी सुपारी उचलली. ताटात सुपाऱ्या ओंजळभर होत्या. शिवकुमारनं तोंड उघडलं. बत्ता उचलला गेला, खाली आला, आणि सुपारी एका घावात फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचं सगळं लांबून ऐकू आल्यासारखं झालं. पेढे, पायापडणं, दिवाळीनंतरच्या तारखा, गाडी वळवतानाचा आरडाओरडा. नागाप्पानं निघताना त्याच्या पाठीत प्रेमानं गुद्दा घातला. "आज लेका काम केलंस तू! पावणं निस्तं पागळून गेलं. मी सुद्धा एवढं केलं नसतं." आत दानेश्वरी भांडी आपटत होती, एकेक, मोजून-मापून. मग तेही थांबलं.

शिवकुमार सतरंजीवर बसूनच होता, पाट्यापाशी. रक्षिता आली आणि त्याच्यासमोर टेकली. रडलेली नव्हती. घोड्यावरून उतरल्यावर जशी होती तशीच होती, शांत, बापाविषयी काहीतरी कायमचं समजून चुकलेली. तिनं सुपारीची खांडं गोळा करून ताटात टाकली, पाट्यावरचं कुंकू बोटानं पुसलं. मग त्याच्या मांडीवरच्या मुठीकडे बघत, आजारी माणसाशी बोलावं तशा मायेनं म्हणाली, "गेली सगळी, आप्पा. उघडा आता."

त्याला उघडायची नव्हती. निदान तिच्यासमोर तरी नव्हती. पण घरात खरंच कुणी उरलं नव्हतं, आणि बोटं एकामागून एक आपोआप सुटत गेली.